खान्देशावरची व्याख्यानमाला: नक्की जा, अन प्रश्नोत्तरं संपेपर्यंत उठू नका

दर हिवाळ्यात आमच्या जळगावात खान्देशचा इतिहास, इथले समाज, बोली, देवदेवता, सणवार ह्या सगळ्यावर एक व्याख्यानमाला असते. संध्याकाळची वेळ, तिकीट नाही, पास नाही, कुणीही जाऊन बसावं. मी अन माझे सासरे नेमाने जातो, जमलं तर मुलीलापण नेते. ओळखीतले बरेच जण विचारतात की एवढं काय असतं त्याच्यात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. घाईत असाल तर एवढंच वाचा: पाचपैकी चार स्टार, जाच. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय.

आम्ही शाळेत जो इतिहास शिकलो त्यात आमचा खान्देश जवळजवळ नव्हताच. फारुकी घराण्याने १३८२ पासून १६०१ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांच्या वर, इथे राज्य केलं, पण फारुकी कोण हे मला मोठेपणी ह्या हॉलमध्ये बसून कळलं. भिल्ल, पावरा, तडवी, कोकणी, लेवा, गुजर, राजपूत, अहिर, बंजारा, मोमीन, गुजराती व्यापारी, हे सगळे एकाच तापीच्या खोऱ्यात शेकडो वर्षं राहतात, अन आपण एकमेकांबद्दल किती कमी जाणतो हे तिथे गेल्यावर जाणवतं. मला ही व्याख्यानमाला आवडते त्याचं मुख्य कारण हेच, की तिथे कुणा एकाचा खान्देश सांगत नाहीत. एका दिवशी मठातला शिलालेख, दुसऱ्या दिवशी सातपुड्यातली होळी, तिसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरची मशीद, अन ऐकणारे बहुतेक तेच, त्यामुळे आधीच्या दिवशीचं डोक्यात ठेवूनच लोक पुढचं ऐकतात.

माझ्या मते सगळ्यात चांगलं झालं ते पाटण्यावरचं. चाळीसगावजवळचं पाटणं, म्हणजे आपली पाटणादेवी. आपण तिथे जातो, दर्शन घेतो, धबधबा बघतो, फोटो काढतो अन परत येतो. वक्त्या मॅडमनी सुरुवातच शहामृगाच्या अंड्यापासून केली. पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडलेत, त्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे, अन त्याच कवचाचे बारीक मणी आहेत, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. त्यांनी नक्षीचा फोटो मोठा करून दाखवला, आडव्यातिडव्या रेघांची जाळी, अन मग नुसत्या थांबल्या. मागून एक मुलगा मोठ्याने म्हणाला, म्हणजे आपल्याकडे शहामृग होते? होते, मॅडम म्हणाल्या, चाळीसगावात शहामृग पळत होते, अन ते मणी ओवून गळ्यात घालणारी माणसंही होती.

तिथून त्या थेट शिलालेखावर आल्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (आपल्या मुक्ताईचे चांगदेव वेगळे, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, बरं केलं, सगळ्यांची गल्लत होते) ह्याने पाटण्याला आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी ह्या गणिताच्या ग्रंथाचा अभ्यास व्हावा म्हणून मठ काढला, अन त्या भागातल्या निकुंभ राजांनी, सोइदेव अन हेमाडिदेव, त्याला दान दिलं. शके ११२८ चा लेख आहे, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. ग्रहणं गणिताने सांगणाऱ्या माणसाच्या नावाने मठ, अन दान दिलं ते ग्रहणाच्याच दिवशी. डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा लेख उजेडात आणला. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे, घराण्याची स्तुती वगैरे, पण शेवटी दान काय काय दिलं ते मात्र मराठीत लिहिलंय, कारण ज्यांनी द्यायचं त्यांना ते कळायला पाहिजे ना. गावात जितके घाणे चालतात त्या प्रत्येकाने मठाला एकेक पळी तेल द्यायचं असं त्यात आहे. मॅडमनी ती ओळ आधी तशीच्या तशी वाचली, जुनी मराठी, अन मग आजच्या भाषेत सांगितली. आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा चालावी म्हणून गावातल्या तेल्याने घाण्यामागे पळीभर तेल दिलं, हे ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. आमच्या शाळेत भास्कराचार्य एका धड्यात होते, पण कुणीतरी त्या शाळेला तेल पुरवत होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

असंच फड पद्धतीवरचं. हा विषय ऐकून बरेच जण आले नव्हते, हॉल अर्धा रिकामा होता, अन ज्यांनी चुकवलं त्यांचं खरंच नुकसान झालं. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर जुने बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासूनचे, अन त्या पाण्यावर गावाने मिळून शेती करायची ही फड पद्धत. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, तीन किंवा चार, तो एकेक फड. एका फडात एकच पीक, ह्या वर्षी ह्या फडात ऊस तर त्या फडात गहू, पुढच्या वर्षी फिरवायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते, त्यामुळे पाण्याचा फायदाही सगळ्यांना अन तोटाही सगळ्यांना. पाणी कमी आलं तर एखादा फड त्या साली पडीक, अन ते सगळ्यांनी मान्य करायचं. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, त्यांचं गावाने बघायचं. पाट साफ करायला सगळे.

बोलायला आलेल्या सरांनी हेपण सांगितलं की विश्वेश्वरय्या नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीला आपल्याच भागात होते, पांझरेच्या कामावर, दातर्तीला पाटाचं पाणी पलीकडे न्यायला त्यांनी सायफन बांधला, अन पुढे त्यांनी पाटाचं पाणी वाटायची जी ब्लॉक पद्धत आणली तिचं अन फडाचं साम्य जाणकार दाखवतात. मला वाटलं आता भाषण संपलं. तर प्रश्नांच्या वेळी आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हात वर केला. आमचे आबा मूळ पांझराकाठचे, चार लोकांत बोलायला लाजतात, लग्नातसुद्धा कोपऱ्यात बसून असतात. माईक हातात आला तर मराठीत सुरुवात केली अन दुसऱ्याच वाक्याला अहिराणीवर आले. पाटकरी कसा रात्री कंदील घेऊन बांधावरून फिरायचा, कुणी बारी मोडली तर सकाळी पारावर काय व्हायचं, ऊस तोडायच्या वेळी कुणाचा आधी अन कुणाचा मागून हे कसं ठरायचं. शेवटी म्हणाले, "पानी एकनं नही, फडनं शे." म्हणजे पाणी एकाचं नाही, फडाचं आहे. सर वहीत लिहून घेत होते. नंतर सर स्वतः खाली उतरून आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले अन विचारत राहिले की बंधाऱ्याच्या भिंतीत दगड कोणता होता, चुना कुठून यायचा, मग धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या तेव्हा गावात काय काय बदललं. मी इतकी वर्षं ह्या घरात आहे, आबांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. मी कधी विचारलंच नव्हतं असंही नाही, पण घरी विचारलं की ते म्हणायचे काय सांगायचं त्यात, शेतीच ती.

म्हणून शीर्षकात लिहिलंय की प्रश्नोत्तरं संपेपर्यंत उठू नका. भाषण झालं की निम्मे लोक चपला शोधायला लागतात, तसं करू नका. ह्या व्याख्यानमालेतला निम्मा माल प्रश्नोत्तरांत असतो कारण ज्यांच्याबद्दल बोललं जातंय ती माणसं समोर बसलेली असतात.

सातपुड्यावरच्या दिवशी हेच झालं. धडगावकडचे एक पावरा शिक्षक आले होते बोलायला. त्यांनी भोंगऱ्या बाजार सांगितला, होळीच्या आधी गावोगावचे आठवडे बाजार कसे भरतात, ढोल, बासऱ्या, नवीन कपडे, अन मग काठी गावची राजवाडी होळी, अक्कलकुवा तालुक्यातली. रात्रभर नाच अन पहाटे होळी पेटते. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे अन घुंगरं बांधून नाचणारे बुध्या, हे आपण सगळ्यांनी पेपरात फोटोत बघितलंय. सर म्हणाले की फोटोत नवस दिसत नाही. ते नाचणारे आधी पाळणी पाळतात, जमिनीवर झोपणं, खाण्यापिण्याचे नियम, सगळं कडक, अन मग नाचतात. लोक त्याला आदिवासी डान्स म्हणून स्टेजवर पाच मिनिटांसाठी बोलावतात ते आम्हाला कसं वाटत असेल विचार करा, असं ते शांतपणे म्हणाले, अन हॉल एकदम गप्प झाला. त्यांनी हेही सांगितलं की ऊसतोडीला गुजरातला गेलेली माणसं होळीला काहीही करून डोंगरात परत येतात, मुकादमाची उचल फिटलेली असो नसो.

याहामोगी मातेचं सांगितलं, देवमोगऱ्याची यात्रा, ती गुजरातेत भरते सागबाऱ्याकडे पण नंदुरबारच्या डोंगरातून लोकांची रीघ लागते. दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा सांगितली. नर्मदेचंही सांगितलं, सरदार सरोवरात आपल्या महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुवा अन अक्राणीची, मणिबेली त्यातलंच. गावासोबत देवाच्या जागा गेल्या, मसणवट्या गेल्या. हे ऐकताना माझ्या शेजारच्या मावशी डोळे पुसत होत्या.

प्रश्नांच्या वेळी यावलकडचे एक निवृत्त तडवी गुरुजी उभे राहिले. म्हणाले, तुम्ही भिल्ल म्हटलं अन मुसलमान म्हटलं तर लोक दोन वेगळ्या रांगा करतात, आम्ही दोन्ही रांगेत आहोत, आम्हाला लोक दरवेळी विचारतात की नक्की कोणते, तर आम्ही तडवी भिल्ल आहोत अन मुसलमानही आहोत, सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपड्याला गावंच्या गावं आहेत आमची. पावरा सर म्हणाले, गुरुजी पुढच्या वर्षी तुम्हीच बोला. टाळ्या पडल्या. आयोजकांनी हे खरंच मनावर घ्यावं.

खाज्या नाईकांवर त्याच दिवशी थोडंसंच झालं, जास्त व्हायला पाहिजे होतं. आधी इंग्रजांच्याच नोकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा माणूस, १८५७ ला उठला, भिमा नाईक सोबत, अन एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, त्यात बायापोरंही पकडली गेली. शिरपूर, चोपडा, वरल्या भागातल्या म्हाताऱ्या लोकांना ही नावं पाठ आहेत, शहरातल्या पोरांना नाहीत. त्यानंतर अंबरसिंग महाराज, शहाद्याची १९७० नंतरची जमिनीची चळवळ, हे सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. एका दिवसात मावणारा विषयच नाही तो, दोन दिवस ठेवा.

आता बऱ्हाणपूर. काही जणांचं म्हणणं होतं की ते तर मध्य प्रदेशात, आपला काय संबंध. वक्त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत हे मिटवलं. फारुकींची सुरुवात थाळनेरला, आपल्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर, त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत, त्यातली एक अष्टकोनी. घराण्याचा पहिला मलिक राजा, त्याचा मुलगा नसीर खान, त्याने असिरगड घेतला अन बऱ्हाणपूर वसवलं, बुऱ्हानुद्दीन गरीब ह्या सूफी संतांच्या नावाने. राजधानी तिकडे गेली, पण राज्य हेच, खान्देशाचं. मग त्यांनी जामा मशिदीचा लेख दाखवला. आत अरबीत लेख आहे अन त्याच मशिदीत संस्कृतातही आहे, देवनागरी अक्षरं, शके १५११, तिथी, नक्षत्र सगळं पंचांगासारखं मांडून. राजा अली खान म्हणजे आदिलशाह फारुकीच्या काळातला. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत, हे बऱ्याच जणांना खरं वाटेना, त्यांनी स्लाइड पुन्हा मागे घ्यायला लावली. सरांनी तीन वेळा दाखवली, न चिडता, अन एका काकांनी तर चष्मा काढून स्क्रीनजवळ जाऊन वाचलं. नंतर अकबराने १६०१ ला असिरगड घेतला, शहाजादा दानियालच्या नावाने सुभ्याचं नाव दानदेश ठेवलं, मुमताज महल १६३१ ला बऱ्हाणपूरलाच वारली अन पहिल्यांदा तिला झैनाबादला पुरलं होतं, हे झपाझप झालं. मला लेखाचं जास्त लक्षात राहिलं.

आपल्या कानबाई देवीवरच्या दिवशी बायकांची एवढी गर्दी की सतरंज्या टाकाव्या लागल्या. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, नारळाला मुखवट्यासारखं सजवून नथ, दागिने घालून मांडलेली कानबाई, रोटांचा नैवेद्य, सोमवारी विसर्जन. सुरतला उधना लिंबायतला राहणारी आपली माणसंसुद्धा रोटांना गावी येतात, भाऊबंदकीत कितीही भांडण असो एकत्र बसावं लागतं. बोलणाऱ्या ताईंनी सांगितलं की रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ असे मोजून घेतात. तर एक कॉलेजची मुलगी उठली, म्हणे देवी बाई, गाणी बायकांची, दळणं बायकांचं, मग मूठ पुरुषांच्याच नावाने का? ताई म्हणाल्या चांगला प्रश्न आहे, कारण हा कुळाचा, भाऊबंदांचा हिशोब आहे, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाणार असं धरलेलं होतं. मग मेहरूणच्या एक आजी म्हणाल्या, माझ्या घरी मी नातीची मूठ टाकते, कानबाईने काही रागावलेलं दिसत नाही. सगळा हॉल हसला अन मग आजींनीच गाणं सुरू केलं, शंभरेक बायका सोबत म्हणत होत्या. हे मोबाइलवर शूट करणाऱ्या चार मुली होत्या म्हणून काहीतरी उरलं, आयोजकांचा कॅमेरा नव्हताच.

इथेच माझी मोठी तक्रार येते. रेकॉर्डिंग नाही. एवढी मेहनत करून वक्ते येतात, लोक उठून घरचं सांगतात, अन दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच हातात नाही. ज्या खान्देशात हे चालतं तिथलीच दोन उदाहरणं देते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती आज आपल्याला वाचायला मिळतात कारण साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. अन आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, शेतात, जात्यावर त्या जे म्हणायच्या ते सोपानदेवांनी उतरवून ठेवलं म्हणून आपल्याकडे आहे. लिहून घेणारं माणूस पाहिजे. आता तर लिहायचीही गरज नाही, एक ट्रायपॉड अन एक बरा मोबाइल, युट्यूबवर टाकून द्यायचं. मी आयोजकांना भेटून हे बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, आमच्या घरचा ट्रायपॉड द्यायचीही तयारी दाखवलीय, बघू.

दुसरी तक्रार सत्काराची. कार्यक्रमाची वेळ सहाची, प्रत्यक्ष वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा सात वाजत आलेले असतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मग पाहुण्यांचा सत्कार, मग देणगीदारांचा, शाल, नारळ, फोटो. देणगीदारांचे आभार मानायलाच पाहिजेत, त्यांच्यामुळेच फुकट ऐकायला मिळतंय, पण ते शेवटच्या दिवशी एकदम करा. धरणगाव, पाचोऱ्याकडून आलेले लोक शेवटच्या गाडीसाठी प्रश्नोत्तरांच्या आधी उठतात, अन मी वर लिहिलं तसं खरी मजा तर तिथेच असते. म्हणजे सत्काराचा वेळ त्यांच्या वाट्यातून जातो. आवाजाची व्यवस्थाही सुधारायला पाहिजे, मागच्या चार रांगांत घुमतं, त्यामुळे म्हातारी माणसं पुढे बसवा.

अन एक व्याख्यान मला अजिबात आवडलं नाही. वक्त्याचं नाव घेत नाही. तासभर फक्त स्वतःच्या समाजाचं मोठेपण, आम्हीच मूळ, आम्हीच राजे, बाकीचे सगळे नंतर आलेले, अन पुरावा म्हणून कुठला लेख नाही, नाणं नाही, कागद नाही. प्रत्येकाला आपल्या लोकांचा अभिमान असतो, मलाही आहे, पण पाटण्याच्या मॅडमनी शिलालेखाची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली अन ह्यांनी नुसता आवाज चढवला. त्या दिवशी प्रश्न पण घेतले नाहीत. आयोजकांनी वक्ता बोलावताना एवढी एक अट घालावी की पुरावा दाखवायचा अन प्रश्न घ्यायचे.

बाकीच्या दिवसांबद्दल थोडक्यात. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनावरचं चांगलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबूने सजवलेला मंडप, धनाजी नाना चौधरींची धावपळ, जुने फोटो भरपूर दाखवले. नंदुरबारच्या शिरीषकुमारवर एका तरुण मुलाने फार मनापासून सांगितलं, ९ सप्टेंबर १९४२, शाळकरी पोरगं, घरी गुजराती बोलणारं, "नहीं नमशे" ही घोषणाही गुजरातीच, अन आज अख्खा खान्देश त्याला आपला म्हणतो. कापसावरचं जरा रटाळ झालं, आकडेच फार, पण अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं अन आपल्या कापसाचे भाव चढले, त्याच सुमारास रेल्वेही आली, हे जोडून सांगितलेलं पटलं. अहिराणीवरच्या भाषणात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनचा संदर्भ आला, त्याने १९०७ च्या खंडात भिली बोली अन खान्देशी एकत्र घेतल्या, त्यावर सभागृहात जोरात चर्चा झाली की अहिराणी मराठीची बोली की वेगळी भाषा. ती संपली नाही, चहाच्या टपरीवर पण चालू होती.

ज्यांना ऐकून पुढे वाचायचं असेल त्यांनी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, अन लगेच पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद तिथे आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे, तिथे जुनी हस्तलिखितं आहेत. फड पद्धतीवाल्या सरांनी दोन्ही ठिकाणं आवर्जून बघायला सांगितली होती.

जाणाऱ्यांसाठी: साडेसहाला पोचलात तरी भाषण चुकत नाही, पण बसायला जागा पाहिजे असेल तर सहाच बरे. गाडी लांब लावा, गेटसमोर अडकते. लहान मुलांना पाटण्यासारख्या, स्लाइड असलेल्या विषयाला न्या, माझी मुलगी आठवीत आहे ती शहामृगावर अजून बोलते. चहा बाहेरच्या टपरीवर मिळतो, आत काही नसतं. वही न्या. अन घरात कुणी म्हातारं माणूस असेल ज्याला त्या दिवशीच्या विषयातलं काही माहीत असेल तर त्यांना सोबत न्याच, रिक्षा करून न्या, अन पुढच्या रांगेत बसवा.

पुढच्या वर्षासाठी आयोजक विषय मागतायत. मी तीन दिलेत. एक तडवी समाज, गुरुजींना वक्ता म्हणून बोलवायचं. दुसरा चाळीसगाव, जामनेर, पाचोऱ्याकडचे बंजारा तांडे, त्यांच्यावर आजपर्यंत एकही व्याख्यान मी ऐकलेलं नाही. तिसरा भुसावळ, रेल्वेमुळे देशभरातून आलेली माणसं, त्यांची चर्च, त्यांची देवळं, त्यांची भाषा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं आहेत अन त्यांना कुणी कधी विचारत नाही. तुमच्याकडे विषय असेल, अन त्याच्यावर बोलू शकणारं माणूस माहीत असेल, तर कळवा. गणपतीनंतर त्यांची बैठक असते, त्याच्या आधी दिलं तर यादीत येतं.